इंधनावरील अखत्यार

मोटारीचे इंधन बदलणे हे वरकरणी यंत्रशास्त्राचे काम दिसते. परंतु आपल्या देशात ज्यांनी ज्यांनी ते हाती घेतले, त्यांची बरीचशी शक्ती सरकारी दप्तरांतच खर्ची पडली, आणि त्याचे कारण असे की पर्यायी म्हणून पुढे आलेले प्रत्येक इंधन आधीपासूनच कोणत्या ना कोणत्या जुन्या कायद्याच्या ताब्यात होते. मद्यार्क मोटारीच्या टाकीत पडण्यापूर्वी शतकानुशतके मद्य म्हणून ओळखला जात होता, सबब त्यावर अबकारी खात्याची मालकी चाले. सिलिंडरात दाबून भरलेला वायू इंधन ठरण्यापूर्वी धोक्याचा पदार्थ होता, सबब त्यावर १८८४ च्या स्फोटक अधिनियमाची नजर होती. आणि वीज चाके फिरवू लागण्यापूर्वी घरोघर दिवे लावीत होती, सबब ती विकण्याचा हक्क परवानाधारक वितरकांपुरता राखून ठेवलेला होता. या तिन्ही कायद्यांच्या कर्त्यांनी आपापल्या काळी योग्य तेच केले. मात्र व्यसन, स्फोट आणि विजेची चोरी या तीन भयांपैकी एकेक मनात धरून लिहिलेली कलमे पुढे इंधनाला लागू झाली, तेव्हा त्या भयांचे ओझे निरपराध इंधनाने वाहिले, आणि इंधनापेक्षाही अधिक ते वापरणाऱ्या माणसाने वाहिले.

यात भर पडली ती अधिकारविभागणीची. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत खनिज तेल व पेट्रोलियम हे विषय केंद्राकडे आहेत. मादक मद्य, ‘वायू व वायुकारखाने’ आणि वाहनांवरील कर हे राज्यांकडे. तर वीज आणि यांत्रिक शक्तीने चालणारी वाहने समवर्ती सूचीत, म्हणजे उभयतांकडे. घटनाकारांनी ही वाटणी केली तेव्हा उसाच्या मळीपासून निघालेला द्रव, समुद्रतळाखालून आलेला वायू आणि कोळसा जाळून केलेली वीज ही तिन्ही एकाच रस्त्यावरच्या तीन मोटारी चालवतील, हे चित्र त्यांच्यासमोर असण्याचे कारण नव्हते. पेट्रोलच्या नियंत्रणामुळे कोळशाच्या वायूवर धावणाऱ्या बसगाड्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या लोकांनी पाहिल्या होत्या खऱ्या. पण ती युद्धकाळातली तडजोड म्हणून लोकांनी सोसली आणि पेट्रोल मुबलक होताच विसरून टाकली.

मद्यार्काची कथा सर्वांत जुनी आणि, माझ्या मते, सर्वांत बोधक आहे. १९४८ साली, स्वातंत्र्य मिळून वर्ष होते न होते तोच, केंद्रीय विधिमंडळाने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ या नावाचा कायदा मंजूर केला. साखर कारखान्यांत वाया जाणाऱ्या मळीपासून निर्जल मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळावा आणि परदेशी तेलावरील अवलंबन तितके कमी करावे, हा त्याचा हेतू. निर्जल हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्काची शुद्धता शेकडा पंचाण्णव-शहाण्णवच्या पलीकडे जात नाही; उरलेले पाणी मद्यार्काला असे चिकटून बसते की वाफेबरोबर वाफ होऊन तेही वर चढते. असला पाणीदार मद्यार्क पेट्रोलमध्ये घातला तर दोन्ही द्रव एकजीव राहत नाहीत. टाकीच्या तळाशी पाणी आणि मद्यार्क यांचा निराळा थर बसतो आणि इंजिन अडखळते. म्हणून ते शेवटचे पाणी वेगळ्या प्रक्रियेने काढून शुद्धता शेकडा साडेनव्याण्णवपर्यंत न्यावी लागते, आणि त्यासाठी यंत्रसामग्री, भांडवल व दीर्घ मुदतीच्या मागणीची खात्री लागते. हे सारे त्या कायद्याच्या कर्त्यांना ठाऊक होते.

परंतु अवघ्या एका वर्षाने, १९४९ साली, मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. दारूने उद्ध्वस्त होणाऱ्या गरिबांच्या संसारांविषयीची कळकळ त्यामागे होती आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण कायद्याची भाषा इतकी व्यापक होती की मद्यार्काचा अंश असलेली औषधे आणि प्रसाधनेसुद्धा तिच्या कक्षेत आली, आणि १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ती त्यातून वगळावी लागली. इंधनाची बाजू घेऊन न्यायालयात जाणारे मात्र कोणी नव्हते. एक कायदा मद्यार्क वाढवा म्हणत होता, दुसरा तो आटवा म्हणत होता, आणि ज्या कारखान्याच्या आवारात तो निर्माण होई तेथे प्रत्यक्ष हजर असे तो दुसऱ्या कायद्याचा अंमलदार.

या हजेरीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्टिलरीत स्पिरिटच्या गोदामाला दोन कुलपे असत, एकाची किल्ली अबकारी निरीक्षकाजवळ आणि दुसऱ्याची कारखान्याच्या माणसाजवळ, जेणेकरून एकाच्या गैरहजेरीत दुसऱ्याला थेंबभरही स्पिरिट काढता येऊ नये. मळीच्या टाकीत पट्टी बुडवून खोली मोजायची, नोंदवहीतल्या आकड्याशी ती ताडून पाहायची, स्पिरिटची तीव्रता हायड्रोमीटरने काढायची, टँकर भरला की झाकणावर सील ठोकायचे आणि वाहतुकीचा पास लिहून द्यायचा, हा नित्याचा क्रम. टँकर परराज्यात जाणार असेल तर पाठविणाऱ्या राज्याचा निर्यात परवाना निराळा आणि घेणाऱ्या राज्याचा आयात परवाना निराळा. पिण्याच्या दारूच्या बाबतीत ही दक्षता रास्त आहे, कारण विषारी दारूने माणसे मेल्याच्या वार्ता आपण आजही वाचतो. परंतु तेल कंपनीच्या डेपोत पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी निघालेल्या द्रवालाही तीच कागदपत्रे, तीच शुल्के आणि तोच विलंब भोगावा लागे. शिवाय पेट्रोल स्वस्त होते आणि मद्यार्काला रासायनिक कारखान्यांकडून चांगली मागणी होती, त्यामुळे १९४८ चा कायदा कागदावरच राहिला, आणि अखेर २००० साली तो रद्द झाला.

गंमत अशी की तो रद्द झाल्याच्या पुढल्याच वर्षी या विचाराला पुन्हा पालवी फुटली, आणि ती आपल्याच भूमीत. २००१ साली पेट्रोलमध्ये शेकडा पाच मद्यार्क मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, ते महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे आणि उत्तर प्रदेशात बरेलीस. प्रवरानगरपासून पुढे पसरत गेलेल्या सहकारी साखर कारखानदारीला मळीचा सन्माननीय उपयोग हवाच होता. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्र व गोव्यासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सक्तीचे झाले. पण पाऊस कमी पडला, ऊस घटला, मद्यार्क मिळेना आणि मिळाला तर परवडेना, तेव्हा वर्षा-दोन वर्षांतच ती सक्ती सैल करावी लागली. २००६ साली ती नव्याने आली. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत वीस टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले, मागाहून ते पाच वर्षे अलीकडे ओढले गेले, दहा टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला गेला आणि वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल आज सर्रास विकले जात आहे. मद्यार्काची उष्णताशक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, त्यामुळे त्याच लिटरात गाडी किंचित कमी धावते. ही गोष्ट ग्राहकाला पंपावरच स्वच्छ अक्षरांत सांगितली गेली असती, तर नंतर जी कुरबूर झाली तीतली पुष्कळशी टळली असती असे मला वाटते.

या वाटचालीत कायद्याचा गुंता सुटला का? संसदेने १४ मे २०१६ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने उद्योग (विकास व नियमन) अधिनियमात अशी रेघ ओढली की पिण्यायोग्य मद्यार्क राज्यांकडे आणि इतर उपयोगांचा केंद्राकडे. त्या रेघेला आधार होता तो १९८९ च्या सात न्यायमूर्तींच्या निर्णयाचा, ज्यात औद्योगिक मद्यार्क म्हणजे ‘मादक मद्य’ नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. परंतु २३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आठ विरुद्ध एक अशा बहुमताने, तो जुना निर्णय फिरवला आणि ‘मादक मद्य’ या शब्दांत औद्योगिक मद्यार्कही येतो, सबब राज्यांना त्याचे नियमन करता येईल, असा फैसला दिला. न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत एकटे विरोधात होते. राज्यांच्या स्वायत्ततेच्या दृष्टीने बहुमताचा निकाल स्वागतार्ह असेलही. पण इंधनाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला त्यात धोका दिसतो, कारण महसुलाची चणचण असलेल्या कोणत्याही राज्याला मळी आणि स्पिरिट यांवर नवे शुल्क बसविण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, आणि इंधनाचा भाव त्याने वाढला तर तो भार शेवटी उसाच्या दरावर किंवा वाहनचालकाच्या खिशावर येऊन पडणार.

मद्यार्काविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप हंगाम ऐन भरात असताना, केंद्र सरकारने उसाच्या रसापासून व पाकापासून इथेनॉल, म्हणजे हाच मद्यार्क, करण्यास एकाएकी मनाई केली. साखरेचा भाव चढू नये, ही चिंता त्यामागे होती. आठवडाभरात ती मनाई मर्यादित स्वरूपात शिथिल करण्यात आली आणि पुढील हंगामासाठी २०२४ च्या ऑगस्टात उठविण्यात आली. परंतु सरकारच्याच प्रोत्साहनाने कर्ज काढून ज्या कारखान्यांनी इथेनॉलचे प्रकल्प उभारले होते, त्यांच्या संचालकांनी आणि सभासद शेतकऱ्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला द्यावी लागत नाही. धोरण चुकीचे असले तर लोक त्याच्याशी जुळवून घेतात किंवा त्याविरुद्ध झगडतात. पण हंगामाच्या मध्यात बदलणाऱ्या धोरणापुढे दोन्हींपैकी काहीच करता येत नाही.

वायूच्या बाबतीत प्रारंभ कायद्याने केला नाही, न्यायालयाने केला. दिल्लीची हवा असह्य झाली होती, आणि २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर असा हुकूम दिला की ३१ मार्च २००१ पर्यंत दिल्ली शहरातील सर्व बसगाड्या केवळ सीएनजीवर, म्हणजे दाबयुक्त नैसर्गिक वायूवर, धावाव्यात. भूरेलाल यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाच्या शिफारशी त्यामागे होत्या. मुदत आली तेव्हा ना पुरेशा बस होत्या ना पुरेसे पंप, आणि वायूसाठी रिक्षा-टॅक्सींच्या रांगा मैल-मैल लागल्या. त्याच सुमारास केंद्राने डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तिने असे सांगितले की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने पाळावी हे ठरवू नये. न्यायालयाला ते पटले नाही. ५ एप्रिल २००२ च्या निकालात सीएनजीचा आग्रह कायम राहिला, आणि मुदतीनंतर धावणाऱ्या प्रत्येक डिझेल बसला दररोज ५०० रुपये, व तीस दिवसांनंतर दररोज १००० रुपये दंड फर्मावण्यात आला.

या वादात कोणाची बाजू घ्यावी? तत्त्व म्हणून माशेलकर समितीचे म्हणणे मला निःसंशय ग्राह्य वाटते, कारण सरकारने एखाद्या इंधनाचे नाव कायद्यात घातले की उद्या त्याहून चांगले इंधन आले तरी कायदा त्याच्या आड उभा राहतो. पण न्यायालयाने ज्या एका गोष्टीवर बोट ठेवले तिला उत्तर देणे कठीण आहे. मर्यादा कितीही काटेकोर लिहिली तरी डिझेलमध्ये रॉकेल मिसळले की ती व्यर्थ, आणि रॉकेल मिसळणाऱ्याला पकडण्याचे सामर्थ्य आपल्या यंत्रणेत नव्हते; वायूत भेसळ करता येत नाही. ज्या देशात तपासणीची यंत्रणा दुबळी असते तेथे ढोबळ पण पाळता येण्याजोगा हुकूम सूक्ष्म पण पोकळ राहणाऱ्या नियमापेक्षा उपकारक ठरतो, आणि दिल्लीत त्या वेळी तसे घडले.

मुंबईने हाच प्रवास पुष्कळ कमी गाजावाजा करून केला. मुंबई हायचा वायू उरणला येऊन पोहोचत होता. १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन झाली, आणि टॅक्सीवाल्यांनी प्रथम कोणाच्या हुकुमाने नव्हे तर स्वतःच्या हिशेबाने ती वाट धरली, कारण वायू पेट्रोलपेक्षा स्वस्त पडत होता. १९९९ साली धुराने त्रस्त झालेल्या नागरिकांच्या एका संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, त्यावर परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांची समिती नेमली गेली, आणि जुन्या टॅक्सींना वायूकडे वळविण्याचे काम सक्तीने पुढे सरकले. त्या काळातली काळी-पिवळी पद्मिनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की मागच्या डिकीत सिलिंडर आडवा बसविल्यामुळे प्रवाशाची ट्रंक टपावरच्या कॅरियरवर दोरीने बांधावी लागे, आणि पंपावर वायू भरताना सर्वांना खाली उतरावे लागे.

ते उतरणे ज्या नियमामुळे घडते, तो समजून घेतला की कायदा आणि यंत्र यांचा सांधा दिसतो. सिलिंडरातला वायू सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाखाली असतो. भरताना तो तापतो, त्याचा दाब वाढतो, आणि सिलिंडरच्या पोलादात किंवा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये कोठे दोष असेल तर तो याच क्षणी उघडा पडण्याचा संभव. म्हणून भरताना गाडीत कोणी बसू नये, सिलिंडरची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी, तिची तारीख ठोकलेली पट्टी वाहनावर असावी, आणि ती नसेल तर पंपाने वायू भरू नये, असा नियम आहे. या सिलिंडरांना मंजुरी देणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे, आणि वायूवर चालणाऱ्या इंजिनांची व रूपांतरणाच्या किटची परीक्षा घेणारी ‘एआरएआय’ संस्था १९६६ पासून पुण्यात आहे; म्हणजे दिल्लीत दिलेल्या हुकुमाची खरी कसोटी पुष्कळ अंशी महाराष्ट्रात लागली. मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमात २००० साली झालेल्या दुरुस्तीने इंधन बदलण्यासाठी किट बसविण्यास रीतसर मुभा दिली. तोवर घरगुती गॅसची टाकी चोरून मोटारीत बसविण्याचा जो घातक प्रकार चाले, त्याला काही अंशी आळा बसला तो त्या मुभेमुळे आणि २००१ च्या एलपीजीविषयक आदेशामुळे. लोकांना एखादी गोष्ट हवीच असेल तर तिला सुरक्षित वाट काढून देणे हे नुसत्या बंदीपेक्षा केव्हाही शहाणपणाचे.

वायूवर अखत्यार राज्याचा की केंद्राचा, हाही कज्जा झाला. गुजरातने २००१ साली वायूच्या वहन व वितरणाचा स्वतंत्र कायदा केला आणि राज्यसूचीतल्या ‘वायू व वायुकारखाने’ या नोंदीचा आधार घेतला. प्रश्न राष्ट्रपतींमार्फत सर्वोच्च न्यायालयाकडे गेला, आणि २००४ साली पाच न्यायमूर्तींनी असे मत दिले की ती नोंद कारखान्यात तयार होणाऱ्या वायूची आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या रस्त्यांवरचे दिवे ज्या कोळशाच्या वायूवर जळत, त्या जातीचा तो वायू. भूगर्भातून निघणारा नैसर्गिक वायू पेट्रोलियमचाच भाऊबंद असल्याने तो केंद्राचा. त्यानंतर २००६ च्या कायद्याने केंद्रीय नियामक मंडळ आले, आणि आता कोणत्या जिल्ह्यात कोणी वायूचे जाळे पसरावे हे दिल्लीत ठरते. मद्यार्काचा निकाल एका दिशेला आणि वायूचा दुसऱ्या, अशी ही परिस्थिती आहे.

विजेच्या बाबतीत जुन्या कायद्याची अडचण एका पत्रकाने दूर झाली, आणि तो मार्ग मला फार कौतुकास्पद वाटतो. २००३ च्या वीज अधिनियमानुसार वीज विकायची तर वितरणाचा परवाना हवा. मग रस्त्याच्या कडेला चार गाड्या चार्ज करून देणाऱ्या माणसाने काय करावे? १३ एप्रिल २०१८ रोजी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की बॅटरी चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, कारण वीज त्या केंद्राच्या आवारातच खर्च होऊन रासायनिक शक्तीच्या रूपात बॅटरीत साठते. संसदेत विधेयक न्यावे लागले नाही, न्यायालयात वर्षे गेली नाहीत. त्याच वर्षी हिरव्या नंबरपाट्या आल्या, आणि ऑक्टोबरात बॅटरी, इथेनॉल व मिथेनॉल यांवर चालणाऱ्या वाहनांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. आज विजेच्या मोटारीपुढे जी अडचण शिल्लक आहे ती बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर असते: मीटर कोठे बसवायचा, केबल कोणाच्या खांबावरून न्यायची आणि ‘ना हरकत’ कोणी द्यायची. इमारतींच्या आदर्श नियमावलीत २०१९ साली वाहनतळाच्या वीस टक्के क्षमतेसाठी चार्जिंगची सोय असावी अशी भर पडली; पण ती नव्या इमारतींना उपयोगी, आणि आपले बहुसंख्य लोक जुन्या इमारतींत राहतात.

राज्यांच्या हातात निर्विवाद उरते ते कराचे साधन, आणि ते दुबळे नाही. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि वायूकडे वळणाऱ्या लोकांना मोठा दिलासा दिला. विजेच्या वाहनांसाठी राज्याने २०१८, २०२१ आणि २०२५ अशी तीन धोरणे आखली, आणि शेवटच्या धोरणात अटल सेतू, समृद्धी महामार्ग व मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग यांवर विजेच्या मोटारींना पथकरातून सूट देऊ केली. पण त्याच २०२५ सालच्या अर्थसंकल्पात सीएनजी व एलपीजीच्या खासगी मोटारींवरील कर एक टक्क्याने वाढला, आणि तीस लाखांवरील विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर प्रथम सुचविला जाऊन काही दिवसांतच मागे घेतला गेला. महसुलाची निकड मला समजते. पेट्रोल-डिझेलवरचा कर हा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा खांब आहे, आणि पर्यायी इंधन जितके यशस्वी होईल तितका तो खांब झिजेल, हे वित्तखात्याला दिसत असणारच. म्हणूनच पुढील दहा वर्षांत कोणत्या इंधनावर किती कर राहील, हे वेळापत्रक आज जाहीर करण्याचे धैर्य राज्याने दाखवावे. दर चढा असला तरी चालेल. तो ठाऊक असला म्हणजे टॅक्सीवाला कर्जाचा हप्ता बांधू शकतो.

या सर्व अधिकारांच्या गुंत्यात माणूस कोठे सापडतो हे पाहायचे तर माथेरानला जावे. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरले, आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार नेण्यास, रुग्णवाहिका व अग्निशामक वगळता, बंदी कायम झाली. बंदीमागचा उद्देश पवित्र आहे. त्या लाल मातीच्या वाटा आणि ती दाट झाडी जी टिकली ती या बंदीमुळेच. परंतु हाताने ओढायची रिक्षा मोटार नव्हे, सबब ती चालू राहिली, आणि चढणीवर घामाघूम होऊन प्रवाशाला ओढणारा माणूस हाच त्या गावचा कायदेशीर वाहनचालक ठरला. विजेच्या रिक्षेला धूर नाही, आवाज जवळजवळ नाही. पण मोटार वाहन अधिनियमात २०१५ साली समाविष्ट झाल्यापासून ती कायद्याच्या भाषेत वाहन आहे, सबब तिला बंदी. हातरिक्षा ओढणाऱ्या ९४ परवानाधारकांची मागणी एवढीच होती की आम्हांला या जुवातून सोडवा. घोडेवाल्यांचा विरोध होता, आणि त्यांच्याही पोटाचा प्रश्न खरा होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हातरिक्षांची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला.

त्या आदेशात एक बारकावा आहे, तो पुढच्या धोरणकर्त्यांनी जरूर वाचावा. न्यायालयाने नुसती बंदी घातली नाही. गुजरातेत केवडिया येथे स्थानिक आदिवासी स्त्रियांना ई-रिक्षा चालविण्यास दिल्या आहेत, त्या योजनेचा दाखला देऊन, राज्याने रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्या हातरिक्षावाल्यांना भाड्याने द्याव्यात, आणि निधी नाही ही सबब सांगू नये, असे बजावले. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक राहू द्यावेत, आतल्या वाटांवर मात्र घालू नयेत, हेही त्यात स्पष्ट केले. वाहन, रस्ता, भांडवल आणि रोजगार यांचा एकत्र विचार असलेला इंधनविषयक आदेश आपल्याकडे क्वचितच लिहिला गेला आहे. त्याची अंमलबजावणी महसूल, नगरविकास आणि परिवहन या तीन खात्यांना मिळून करावयाची आहे, आणि रिक्षांची खरेदी, चार्जिंगची जागा, वीजजोडणी, चालकाचा परवाना व भाड्याचा करार ही पाच कामे एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर आणल्याखेरीज ती पार पडणे कठीण आहे.